देवाच्या घरात ट्रस्टी कसं व्हावं

सलाम! आपल्या चर्चच्या मंडळीची निवडणूक तोंडावर आलीय आणि यंदा ट्रस्टी म्हणून उभं राहायचं तुमच्या मनात आहे, हे ऐकून बरं वाटलं. कुणी विचारलं तर एवढंच सांगा, "प्रभूने ओझं घातलंय." आपल्याकडे खुर्चीसाठी कुणीच उभं राहत नाही, सगळे ओझ्यापायीच उभे राहतात. ओझं किती चौरस फुटांचं आहे ते पुढे बघू.

आधी बसायचं कुठे ते शिका. मागच्या बाकावरून उठून कुणी ट्रस्टी झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. उपासना सुरू झाल्यावर, पहिल्या गीताचं दुसरं कडवं चालू असताना आत या आणि सावकाश चालत पहिल्या रांगेपर्यंत जा. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ज्या खुर्च्यांवर बसले, त्या खुर्च्या अजून जपून ठेवल्या आहेत. तिथे गुडघे टेकून गेलेल्या हजारो लोकांची आठवण म्हणून एक सतरंजीसुद्धा कुणी जपलेली नाही. बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही वाचून घ्या. आसनव्यवस्था त्यात तपशीलवार दिली आहे. सोन्याची अंगठी घातलेला आला की "इथं बरी जागा आहे, बसा". मळक्या कपड्यांतला आला की "तू तिकडे उभा राहा". याकोबाने हे निषेध म्हणून लिहिलं होतं. आपण सूचना म्हणून वाचायचं.

आता दानधर्म. त्यासाठी वर्षातला उत्तम दिवस म्हणजे कापणीचा सण. ज्या शहरात कोथिंबिरीची जुडीसुद्धा वाशीहून येते, तिथे कापणी कुणाची आणि कसली, असं विचारू नका. उपासना संपली की आवारात मांडव पडतो. नारळ, अंडी, केक, पाय बांधलेली एक चिडलेली कोंबडी, आणि भोपळा. लिलाव पुकारणारा माणूस आधीपासून आपला करून ठेवा. भोपळ्याची बोली शंभरावर असेल तेव्हा गप्प राहा. हजाराच्या घरात गेली की घसा खाकरा. जिंकलात तरी भोपळा घरी न्यायचा नाही. तिथल्या तिथे "परत लिलावाला!" असं मोठ्याने म्हणायचं. टाळ्या पडतात, पाळकसाहेब हात उंचावतात आणि तुमचं नाव एकाच भोपळ्यावर दोनदा पुकारलं जातं. पैसे लगेच द्यावे लागत नाहीत, वहीत लिहून घेतात. खजिनदार तुमच्या पॅनलचा असेल तर वही पुढच्या कापणीपर्यंत उघडत नाही.

शास्त्रातल्या त्या गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे निव्वळ चिल्लर, टाकल्या. येशूने तिची स्तुती केली, पण तिचं नाव आज कुणाला माहीत आहे का? तेव्हा नाव न लावता दिलेलं दान फुकट गेलं असं धरून चाला. पंखा देणार असाल तर पातीवर नाव घालू नका, फिरताना वाचता येत नाही. एसी द्या.

एवढी तयारी झाली की मुख्य विषयाकडे वळू. जागा. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांच्यामागून आणखी मिशनं आली. त्या मंडळींनी शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि बंगले यांसाठी जिथे जमेल तिथे जमिनी घेतल्या. तेव्हा तिथे कोल्हे ओरडत असतील, आज बिल्डर ओरडतात. तुम्ही लहानपणी ज्या आवारात संडेस्कूलला जाऊन रंगीत चित्रं गोळा केलीत, त्याच आवाराकडे आता जरा डोळे बारीक करून बघायला शिका. चिंचेचं झाड दिसलं तर ते झाड नव्हे, पार्किंगचा रॅम्प आहे. जुना बंगला म्हणजे न वापरलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा शिल्लक हक्क. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त बायबलवुमन, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या बाई, म्हणजे 'भोगवटादार', आणि त्यांचं काय करायचं ते वकील सांगतील.

कायदा थोडा आडवा येतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ सांगतं, की ट्रस्टची जागा विकायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. घाबरू नका. जिथे 'तीन वर्षांहून जास्त' लिहिलंय तिथे तीन वर्षांपर्यंत मोकळं रान आहे. मग लग्नाच्या हॉलवाल्याला अकरा महिने द्या, पुन्हा अकरा महिने द्या, आणखी अकरा. इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात फिरले, हॉलवाला चाळीस वर्षं अकरा महिन्यांवर फिरेल.

बिल्डरची बैठक बोलावलीत की सुरुवात प्रार्थनेने आणि शेवट आशीर्वादाने करा, मधल्या भागाचं इतिवृत्त त्रोटक ठेवा. एखादा म्हातारा उठून विचारेल, "खोकडांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला ठिकाण नाही, असं प्रभू म्हणाला. मग आपण चाललोय कुठे?" त्याला प्रेमाने सांगा, की म्हणूनच तर टॉवर बांधतोय, बाराव्या मजल्यावर प्रभूची सोय करू. तळमजला बँकेला जाणार आहे.

जुन्या मंडळ्यांच्या मालमत्तेचा एक जादा फायदा आहे. ती नक्की कुणाची, हेच कुणाला ठामपणे सांगता येत नाही. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. माणसं एक झाली, पण सातबारा झाला का? त्या सहांतलीच एक ब्रदरन मंडळी, तिच्या गुजरातेतल्या ट्रस्टचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला आणि २०१३ साली कोर्टाने सांगितलं, की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता दुसरीकडे जात नाही. ऐक्याची प्रार्थना आम्ही अजूनही जानेवारीत आठवडाभर करतो. वकील वर्षभर करतात.

आता व्यासपीठ. पाळकांच्या उपदेशावर तुमची नजर हवी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मार्टिन ल्यूथरवर उपदेश होऊ द्या, खुशाल तासभर होऊ द्या. रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला पैसा हवा म्हणून पापांच्या शिक्षेची माफीपत्रं विकली जात होती आणि १५१७ मध्ये ल्यूथर त्याविरुद्ध उभा राहिला, हे ऐकायला गोड लागतं, कारण गुन्हेगार पाचशे वर्षांपूर्वीचे आणि दुसऱ्या पंथाचे. जर्मनीत लिंबुर्गच्या बिशपांच्या निवासस्थानावर तीन कोटींहून जास्त युरो खर्च झाले आणि २०१४ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, हेही सांगू द्या. तेही जर्मन, तेही कॅथलिक. मात्र "रुपे व सोने माझ्याजवळ नाही" हे येशूचा शिष्य पेत्र याचं वाक्य नव्या पाळकाने आपल्या ट्रस्टच्या मुदत ठेवींच्या संदर्भात काढलं, तर त्याला वेळीच आवरा. चांगला मुलगा आहे म्हणा, खेड्यातल्या मंडळीला याची जास्त गरज आहे म्हणा. बदलीच्या पत्रात 'प्रभूच्या विशाल मळ्यात' असे शब्द घातले की कुणी ओरडत नाही. क्वार्टर आपल्याच मालकीचं, रिकामं करायला महिना पुरतो. नाहीतरी पुनर्विकासात ते जायचंच होतं.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची तसबीर मात्र हॉलमध्ये हवीच, मोठी आणि हार घातलेली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, पदरात काही नसताना. हे चरित्र मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी उत्तम आहे. मोठ्यांच्या सभेत नको, एखाद्याला खरंच पटायचं.

गाडीचा विषय निघेल. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला त्या आठवणीच्या, झावळ्यांच्या रविवारी गाढवाचा उल्लेख टाळता येत नाही, तेव्हा उत्तर तयार असावं. अमेरिकेतले उपदेशक जेसी डुप्लांटिस यांनी २०१८ मध्ये पाच कोटी चाळीस लाख डॉलरच्या फाल्कन जेट विमानासाठी भाविकांपुढे हात पसरला. त्यांचं ते चौथं विमान ठरणार होतं. येशू आज असता तर गाढवावरून फिरला नसता, विमानातून फिरला असता, असं त्यांचं म्हणणं. आपण तर नुसती सात सीटर मागतोय, तीही मढं पोचवायला उपयोगी पडेल अशी. नम्रता म्हणतात ती हीच.

निवडणुकीचं गणित सगळं यादीत आहे. वर्गणी थकली की मत गेलं. मग थकबाकीदार शोधा आणि ज्यांचं मत तुम्हाला हवंय त्यांचीच वर्गणी गुपचूप भरा. उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू नये, ही आज्ञा पाळायची वेळ हीच. नगरवाले किती, मराठवाड्याचे किती, कोण कुठल्या गावातून ख्रिस्ती झाला आणि त्याआधी कोण होता, याचाही हिशेब लागतो. ख्रिस्तात जात नाही हे आम्ही गेली दोन शतकं जगाला सांगत आलोय, पॅनल पाडताना मात्र सगळ्यांना सगळ्यांची पाठ असते. मतदार बायका जास्त आहेत, हे विसरू नका. महिला मंडळाला नव्या साड्या द्या, उमेदवारी देऊ नका.

एवढी उस्तवार जमत नसेल तर दुसरा रस्ता आहे. मालाड-कांदिवलीकडे एखादा बँक्वेट हॉल रविवार सकाळपुरता घ्या. एलईडी पडदा, कीबोर्ड, धुराचं मशीन आणि उभ्या स्टँडवर क्यूआर कोड. पहिल्या वर्षी पास्टर व्हा, दुसऱ्या वर्षी प्रेषित, तिसऱ्या वर्षी बिशप डॉक्टर. 'बीज पेरा, शंभरपट घ्या' एवढं एक सूत्र पुरतं. पीक आलं नाही तर पेरणाऱ्याचा विश्वास कमी पडला. विमा कंपन्यांनाही इतकं सोयीचं कलम सुचलेलं नाही. तिथे निवडणूक नसते, पण मिशनची जुनी जागाही नसते. म्हणून माझं मत विचाराल तर आपली परंपरागत मंडळीच बरी.

निवडून आलात की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची नोंद, दाखल करा. हरलेलं पॅनल त्याला हरकत घेईल आणि आपलाही एक चेंज रिपोर्ट टाकेल. मग वरळीला, धर्मादाय आयुक्त भवनात तारखा पडू लागतील. दचकू नका, प्रकरण निकाली निघेपर्यंत जो चेकवर सही करतोय तोच खरा ट्रस्टी, आणि असं निकालाविना किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. एक मात्र खरं, रविवारी जी दोन पॅनलं मधली वाट सोडून दोन बाजूंना बसतात, एकमेकांना सलामसुद्धा घालत नाहीत, ती वरळीच्या त्या व्हरांड्यात एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात. डबे उघडतात, लोणचं इकडून तिकडे जातं, कुणाच्या मुलीचं जमलं त्याची चौकशी होते. पुढची तारीख मिळाली की चहा तुम्ही सांगा. बिल जपून ठेवा, 'कायदेशीर खर्च' या सदरात अर्पणाच्या थैलीतून निघतं. आणि समोरच्यांच्या कपांचंही त्यातच लावा, ते त्यांच्या तारखेला आपलं लावतात.