नळीला लटकलेला निरीक्षक : 'एक माजी जवान' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि अर्ध्यावर पुसून टाकलं, कारण ते रागात लिहिलेलं होतं. तुम्ही नावाच्या जागी फक्त 'एक माजी जवान' लिहिलंय, म्हणून साहेब म्हणतो. चालवून घ्या.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी ऑगस्ट 2008 मधला शिकागोचा किस्सा सांगितला होता. ओ'हेअर विमानतळावर अमेरिकन ईगल या कंपनीची छोटी जेट विमानं उभी होती. टीएसए, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेचा एक निरीक्षक, उभ्या विमानात बाहेरचा माणूस शिरू शकतो का हे तपासायला गेला. वर चढायला काही हाताशी नव्हतं, म्हणून विमानाच्या नाकाजवळ बाहेर आलेली एक नळी धरून चढला. ती नळी म्हणजे हवेचं तापमान मोजणारा टीएटी प्रोब. असं एक नाही, नऊ विमानांवर. नऊच्या नऊ विमानं थांबवून तपासावी लागली. त्यावर मी लिहिलं होतं की एका दिवसात इतकी विमानं जमिनीवर बसवणं एखाद्या घातपात्यालाही जमलं नसतं.

तुमचं म्हणणं असं : उन्हातान्हात उभं राहणाऱ्या माणसाची टिंगल एसीत बसून करणं सोपं असतं. त्या निरीक्षकाला काय सापडलं ते मी सोयीस्करपणे गाळलं. नळी वाकली तर नवीन बसवायची, त्यात एवढा बोभाटा कशाला. मी कनिष्क, म्हणजे बॉम्बने उडवलेलं एअर इंडियाचं विमान, विसरलो. आणि शेवटी, 'सुरक्षा जास्त झाली म्हणून विमान पडल्याचं एक तरी उदाहरण दाखवा.'

गाळल्याचा आरोप आधी घेतो, कारण तो खरा आहे. नऊपैकी सात विमानांत तो माणूस शिरू शकला होता. ही गोष्ट लहान नाही. कंपनीवर दंडाची कारवाई होऊ शकते असं टीएसएने तेव्हा म्हटलंही होतं. मोठ्या प्रवासी विमानांच्या दारांना आपल्या घरासारखं बाहेरून कुलूप नसतं हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून तर उभ्या विमानाला सील, पहारा, नोंदवही हे सगळं लागतं. लिहिताना मला किस्सा खुसखुशीत हवा होता आणि सातचा आकडा त्या खुसखुशीतपणाच्या आड येत होता. चूक माझी. लेखात आता तो आकडा घातलाय.

एसीचं मात्र राहू द्या. मी विमान देखभालीत पंचवीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक मुंबईच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या मोकळ्या जागेवर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथल्या काँक्रीटवर उभं राहिलं की बुटांच्या तळव्यातून भाजतं आणि जुलैत रेनकोटच्या आतून भिजायला होतं. आपण दोघं एकाच तव्यावर होतो, साहेब.

आता नळी. 'वाकली तर नवीन बसवा' हे अगदी बरोबर, पण वाकली हे कळलं तर ना! टीएटी प्रोब म्हणजे वीतभरही नसलेला एक दांडा. पुढच्या बाजूला तोंड उघडं, आत प्लॅटिनमच्या बारीक तारेचा संवेदक आणि बर्फ धरू नये म्हणून हीटर. खालून बघितलं तर खरंच वाटतं की चढणाऱ्याच्या सोयीसाठीच बसवलाय. विमान आवाजाच्या वेगाच्या पाऊणपटीहून थोडं जास्त धावत असतं तेव्हा हवा या तोंडात दाबली जाते आणि दाबली की तापते. बाहेर उणे 55 अंश असेल तर प्रोबला उणे 28 च्या आसपास जाणवतं. संगणक त्यातून उलटा हिशोब करून बाहेरचं खरं तापमान काढतो, त्यावरून विमानाचा खरा वेग आणि इंजिनाला किती जोर लावू द्यायचा ते. या दांड्यावर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस लटकला तर तो तुटेलच असं नाही. तुटला तर बरंच, दिसतो तरी. बुडाशी चीर गेली, हीटरची जोडणी सैल झाली, तर जमिनीवर सगळं ठीक दिसतं. पुष्कळदा विमान स्वतःच दोन संवेदकांची तुलना करून कुरकुर करतं, हेही खरं. पण त्या भरवशावर उडायचं नसतं.

चुकीचं बोलणारी नळी काय करू शकते? 13 जानेवारी 1982 ला वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 बर्फात उडालं. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारे प्रोब बर्फाने बुजले होते आणि कॉकपिटमधले काटे सांगत होते की जोर पूर्ण आहे. प्रत्यक्षात तो बराच कमी होता. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत गेलं. 78 माणसं.

तरी याहून मला छळते ती पेरू देशातल्या लिमाची गोष्ट, कारण तिच्यात बर्फ नाही, वादळ नाही, काहीच नाही. 2 ऑक्टोबर 1996, एरोपेरूचं 757, लिमाहून सांतियागोला, मध्यरात्रीनंतर. विमान धुऊन पुसून चकचकीत केलेलं. धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून पोटाकडच्या स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर, चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. रुपेरी धातूवर रुपेरी पट्टी, तीही रात्री. लावणाऱ्याला आठवली नाही, नंतर बघणाऱ्यांना दिसली नाही. उडाल्यावर उंची, वेग, सगळे आकडे बरळायला लागले. वेग फार झालाय आणि वेग फार कमी झालाय, अशा दोन्ही घंटा एकाच वेळी वाजत होत्या. खाली काळा समुद्र. वैमानिकांनी कंट्रोलरला विचारलं, आमची उंची किती? त्याने पडद्यावर बघून सांगितलं, 9,700 फूट. पण पडद्यावरचा आकडा येतो विमानातूनच, त्याच बुजलेल्या भोकांतून. 9,700 ऐकत ऐकत त्यांचा पंख पाण्याला लागला. 70 माणसं गेली.

पट्टी लावणारा माणूस सुरक्षावाला नव्हता, विमान धुऊन पुसणारा देखभालीतला कामगार होता. मला फरक पडत नाही. विमानाचं अंग म्हणजे नुसता पत्रा नव्हे, ते जागोजागी कान-नाक-त्वचा आहे. ज्याला ते माहीत नाही त्याने हात लावला आणि कोणाला सांगितलं नाही, की हात लावण्यामागचा हेतू कितीही चांगला असो, काही उपयोग नाही.

आणि कनिष्क. साहेब, हे वाक्य मला लागलं. 23 जून 1985, एअर इंडियाचं उड्डाण 182, आयर्लंडजवळ समुद्रावर, 329 माणसं. विसरायचा प्रश्नच नाही. पण ती फाईल पुन्हा उघडून बघा. बॉम्बची बॅग व्हँकूव्हरहून निघाली आणि बॅगवाला विमानात बसलाच नाही. टोरोंटोला सामान तपासायचं एक्स-रे यंत्र त्याच दिवशी मध्येच बंद पडलं. मग उरलेल्या बॅगा हातातल्या एका वासघेणाऱ्या यंत्राने तपासल्या. ते यंत्र एका बॅगेजवळ बारीकसं वाजलं, पण जोरात वाजलं नाही म्हणून बॅग पुढे गेली. म्हणजे तिथेही शेवटी काय होतं? एक बिघडलेलं यंत्र, आणि दुसरं यंत्र काय सांगतंय हे न कळणारी माणसं. तुम्ही कनिष्क माझ्या विरुद्ध मांडलंत. मला तर ते माझ्याच बाजूचं वाटतं.

तपासणी कमी करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कनिष्कनंतर 1987 मध्ये बीसीएएस हे विमान सुरक्षेचं स्वतंत्र सरकारी खातं झालं, आयसी-814 च्या अपहरणानंतर 2000 पासून विमानतळांवर सीआयएसएफ आली, ते योग्यच झालं. ज्या लोकांनी 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणत गळे काढले त्यांच्यातला मी नाही.

'एक तरी उदाहरण' मागितलंत. द्यायला आवडत नाही, पण आहे. सप्टेंबर 2001 नंतर कॉकपिटची दारं भक्कम केली, बाहेरच्याला उघडता येऊ नयेत अशी. 24 मार्च 2015 ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेल्या जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन कॉकपिटबाहेर गेला, सहवैमानिकाने दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळलं. कॅप्टन बाहेरून दारावर धडका मारत होता. 150 माणसं. गुन्हा त्या सहवैमानिकाचा, दाराचा नाही, हे मान्य. पण बाहेरचा चोर आत येऊ नये म्हणून केलेल्या दाराने त्या दिवशी घरधन्याला बाहेर ठेवलं.

दुसरं उदाहरण सौम्य आहे. मार्च 2017 मध्ये अमेरिकेने आणि ब्रिटनने पश्चिम आशियातल्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही ठिकाणांहून येणाऱ्या विमानांत केबिनमध्ये लॅपटॉप न्यायला बंदी घातली. बॉम्बची भीती होती म्हणून. मग लॅपटॉप गेले होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात. आणि लिथियम बॅटरीने तिथे पेट घेतला तर? केबिनमध्ये हवाई सुंदरी पाणी ओतून विझवू तरी शकते, खाली होल्डमध्ये कोण जाणार? सेफ्टीवाले आणि सिक्युरिटीवाले त्या वेळी एकाच बॅगेला दोन्हीकडून ओढत होते. (याच कारणाने, गेटवर तुमची केबिन बॅग ऐनवेळी होल्डसाठी काढून घेतली तर पॉवर बँक आधी बाहेर काढा. तिथल्या मुलाने विचारलं नाही तरी काढा.)

आपल्याकडे गोंधळ शब्दापासूनच आहे. इंग्रजीत सेफ्टी वेगळी, सिक्युरिटी वेगळी. आपण दोन्हीला सुरक्षा म्हणतो, फार तर एकीला 'सुरक्षितता' असा दोन अक्षरांचा शेपटा लावतो आणि बोलताना तोही गळून पडतो. एक सुरक्षा वाईट माणसापासून, दुसरी चांगल्या माणसाच्या चुकीपासून. पहिलीचा स्वभाव संशयाचा आहे. दुसरीला मात्र सगळ्यांनी मोकळेपणाने बोलावं लागतं.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. विमान कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. पावसाळ्यातली रात्र, पहिलं उड्डाण पहाटेचं. कंपनीच्या सुरक्षा विभागातला एक पोरगा विमानाची घातपातविरोधी तपासणी करत होता. नोकरीला लागून सहा महिनेही झाले नसतील. नाकाच्या चाकाची खोबण वरपर्यंत बघता यावी म्हणून त्याने घडीची शिडी आणली आणि विमानाला टेकवली. शिडी ओल्या जमिनीवर सरकली आणि नाकाच्या डाव्या बाजूच्या व्हेनला घासली. व्हेन म्हणजे माशाच्या परासारखं छोटं पातं, हवेच्या दिशेने फिरणारं. विमानाचं नाक वाऱ्याला किती कोनात आहे ते सांगणारं. कोणी बघितलं नव्हतं. पोरगा पाच मिनिटं तिथेच उभा राहिला असावा, मग माझ्याकडे आला. टोपीतून पाणी गळत होतं. म्हणाला, "सर, शिडी लागली. त्या पात्याला."

मी जाऊन व्हेन बोटाने फिरवली. ती लोण्यासारखी फिरायला हवी. एका जागी किंचित अडकत होती, भाकरीत खडा लागावा तशी. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत लिहिलं, व्हेन बदलली, तपासणी केली. विमान सव्वा तास उशिरा गेलं.

आता विमानाला उशीर झाला की त्या उशिराला एक कोड लागतो, म्हणजे उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा ते ठरतं. तो सव्वा तास सुरक्षा विभागाच्या खात्यावर गेला. चौथ्या दिवशी पोराला मेमो मिळाला. मी त्याच्या साहेबांना भेटून सांगितलं की या पोराला शाबासकी द्या, उद्या हा बोलला नसता तर काय झालं असतं. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण उशीर तर झाला ना." मग मी माझ्या साहेबांकडे गेलो. तेही जवळजवळ तेच म्हणाले, फक्त चहा पाजून.

त्यानंतर वर्षभर, माझ्या पाळीत तरी, सुरक्षा विभागातलं कोणीही 'सर, लागलं' म्हणत आलं नाही. घासल्याच्या खुणा मात्र सापडत राहिल्या. एकदा दाराच्या कडेला, एकदा एका पॅनेलवर, एकदा टॉयलेटमध्ये कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं अडकलेलं. ते झाकण स्प्रिंगने आपोआप मिटायला हवं, आत आग लागली तर तिला हवा मिळू नये म्हणून. तपासणाऱ्याने आत हात घातला असणार, झाकण अडकलं असणार, आणि तो पुढच्या टॉयलेटकडे गेला असणार. विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायचे.

शिकागोच्या निरीक्षकावर माझा राग नळी धरली म्हणून नाही. एक विमान झाल्यावर खाली उतरून कोणा मेकॅनिकला 'हे धरलं तर चालतं का रे?' एवढं विचारलं असतं, तर उरलेली आठ वाचली असती. तो विचारू शकत नव्हता, कारण त्याच्या कामाची रीतच अशी की समोरच्याला कळू न देता तपासायचं. आणि मेकॅनिकांना तो त्यांचा वाटत नव्हता.

घातपात्याचं ते वाक्य लेखात ठेवू की काढू, अजून ठरत नाहीये. आमच्या घरी मत पडलंय की काढ, उगाच चुरचुरीत आहे. पण ते काढलं तर तुमच्या प्रतिक्रियेचा संदर्भ जातो, म्हणून तूर्त आहे तसंच ठेवलंय.

आणि तुम्हाला एक विचारायचं आहे. तुमच्या नोकरीत तुमच्या हाताखालचा कोणी पोरगा 'साहेब, माझा हात लागला' म्हणत तुमच्याकडे आला होता का? आला असेल, तर पुढे त्याचं काय झालं?