पिशवीतली गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे

"पिशवीत गाठ म्हणजे उद्याचा कॅन्सर. दोन लेकरं झाली असतील तर पिशवी काढून मोकळ्या व्हा. नाहीतर २१ दिवस काढा घ्या, गाठ विरघळते. गाठ असली की मूल राहत नाही." बचत गटांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज परवा आमच्या वहिनीच्या फोनवर आला. पस्तिशीची बाई, दोन सेंटीमीटरची गाठ, आणि ऑपरेशनसाठी सोयाबीनचे पैसे बाजूला ठेवायला निघाली! म्हणून हे लिहावं लागतंय.

ही गाठ, म्हणजे फायब्रॉइड, गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ असते. तशीच दिसणारी कॅन्सरची गाठ निघणं अगदी क्वचित. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेलं किंवा गाठ वाढू लागली, तर मात्र एक आठवडाही थांबू नका.

"मोकळ्या व्हा" हे सर्वांत घातक. पुष्कळदा पिशवीसोबत अंडाशयंही काढतात. पस्तिशीत ती गेली की अंगाची आग, झोप उडणं लगेच सुरू होतं. पुढे हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याची वेळ अलीकडे येऊ शकते. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या गरीब बायकांच्या विनाकारण काढलेल्या पिशव्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं. म्हणजे ही भीती दाखवून बायकांना टेबलावर घेतात, हे काही माझ्या मनातलं नाही. पिशवी काढणं कधीच योग्य नसतं, असंही नाही. गाठ मोठी आहे, औषधं करूनही रक्त घसरतंय, मूल नको आहे आणि बाईलाच हवंय, तर जरूर काढावी. पण अंडाशयं ठेवणार का, हे सही करण्याआधी विचारा.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात आकाराइतकीच जागा बघा. बाहेरच्या बाजूची दोन सेंटीमीटरची गाठ त्रास देत नसेल तर सहा महिने ते वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, एवढंच. पोकळीत शिरलेली दीड सेंटीमीटरचीही खूप रक्त घालवते. ती बहुधा दुर्बिणीने आतून काढता येते. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या जास्त जाण्याच्या चार-पाच दिवसांतच घ्यायच्या. त्याने गाठ लहान होत नाही. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल किंवा पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. हार्मोनची तांबी हाही पर्याय आहे. साधी तांबी नाही, तिने उलट जास्त जातं.

काढ्याचं काय सांगावं! पाळी गेल्यावर गाठ आपसूक आकसते आणि नाव काढ्याचं होतं. मूल राहत नाही, हे अर्धं खरं: पोकळीतली गाठ आड येऊ शकते, बाकी बहुतेकींना दिवस राहतात.

खरं नुकसान रक्त कमी झाल्याने होतं. तासातासाला कापड भिजत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडत असतील किंवा पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली म्हणजे कमी. ७-८ पर्यंत उतरलं तर वावरातलं काम थांबवून आधी दवाखाना. आपल्याकडे सिकलसेलचीही तपासणी सोबतच करून घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासभर आधी-नंतर नको, आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने ती सुरू ठेवा.