पुनरागमन करायचंय? आधी नीट पडून दाखवा

लहानपणी टीव्हीवर झळकला होतात का? आणि आता नोकरी, संसार, गृहकर्जाचे हप्ते असं सगळं सुरळीत चाललंय? मग तुमचं काही खरं नाही. पुनरागमनाच्या रिअॅलिटी शोला पडलेला माणूस लागतो. तेव्हा आधी पडा.

सुरुवात घरापासून. गेल्या रविवारी कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एका वाहिनीची माणसं अशाच शोसाठी 'एव्ही', म्हणजे स्पर्धकाची ओळख करून देणारी फीत, काढायला आली. तिथला मुलगा नववीपर्यंत मालिकांमध्ये दिसायचा. आता पस्तिशीचा आहे, चाकणला क्वालिटीत, पगार उत्तम. आल्या आल्या त्यांनी नवा फ्रीज चादरीखाली झाकला. मग ट्रॉफी काढली. काकू ती दर शनिवारी पितांबरीने घासतात, त्यामुळे धूळ औषधालाही नाही. डायरेक्टर मॅडमनी काकूंकडेच कणीक मागितली, चाळणीने ट्रॉफीवर भुरभुरवली आणि म्हणाल्या, "सर, आता हाताने हळूच पुसा. आणि वर बघा." चार टेक झाले. दर टेकला नवी कणीक. शेवटी काकू वाटी घेऊन आमच्या दारात! मलाही जिना चढताना "तुम्ही पूर्वी टीव्हीवर होतात ना?" असं त्याला विचारायला लावलं. अहो, पाळण्यात होता तेव्हापासून ओळखतो मी त्याला. पार्किंग तीन तास अडवलं ते वेगळंच.

नोकरीला नोकरी म्हणू नका. 'संघर्ष' म्हणा.

आईला वेळेवर रडता येतं का, आधीच बघून ठेवा.

जिंकल्यावर काय, हे विचारू नका. १९९० च्या 'आशिकी'चा राहुल रॉय २००६ साली हिंदी 'बिग बॉस'च्या पहिल्याच पर्वात गेला आणि चक्क जिंकला. तरी लोकांच्या लेखी तो आजही 'आशिकी'वालाच.

आणि लहानपणी काय भोगलं ते तर मुळीच बोलू नका. २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, कमाईतले निदान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. आमच्या समोरच्या मुलाच्या वेळी कुठले नियम? रात्री दोनला सेटवरून यायचा आणि सकाळी शाळेच्या रिक्षात मान टाकून झोपायचा. हे तो कॅमेऱ्यासमोर सांगायला लागला, तर मॅडम म्हणाल्या, "सर, हे जरा निगेटिव्ह जातंय."

निगेटिव्ह? लेकराची झोप खाल्लीत तेव्हा सगळं पॉझिटिव्ह होतं, आणि आता शहाण्यासारखा कमावून खातोय तर 'हरवलेला तारा'? लाज वाटत नाही?

तोही भुलला, कबूल. पण त्याला भुलवलं कोणी? लग्नाच्या पंगतीत, भाजीवाल्याकडे, लिफ्टमध्ये "काय रे, हल्ली दिसत नाहीस?" असं वीस वर्षं विचारणारे तुम्हीच ना? दिसत नाही म्हणजे काय? रोज सकाळी पावणेसातला डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत कोपऱ्यावर उभा असतो. तुम्ही झोपलेले असता.