केमिस्ट्री पाठ करून निघते? नाही निघत

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच. अकरावीचे गुण कुठे धरले जात नाहीत, तेव्हा ते वर्ष सोडून द्या. केमिस्ट्री म्हणजे निव्वळ पाठांतर. गणितं ऑप्शनला टाका. प्रॅक्टिकलचे ३० गुण कॉलेज देतंच. डिसेंबरनंतर प्रश्नसंच घोकले की झालं. शेवटी एक टोला: मराठी माध्यमाच्या मुलांनी फार अपेक्षा ठेवू नये.

मी २२ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते आहे. हा सल्ला ऐकलेली मुलं बारावीच्या ऑगस्टमध्ये रडवेल्या चेहऱ्यानं स्टाफरूमच्या दाराशी उभी राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

अकरावी सोडून द्या

बोर्डाच्या बारावीच्या पेपरात अकरावीवर प्रश्न नसतात, हे खरं. पण सीईटीत केमिस्ट्रीच्या ५० प्रश्नांपैकी १० अकरावीचे असतात, आणि नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तरी गुणांचा हिशेब मी बाजूला ठेवते. खरी अडचण वेगळी आहे. बारावीचं पुस्तक अकरावीच्या खांद्यावर उभं आहे. रासायनिक समतोल कळला नसेल तर आयनिक समतोलात पीएच काढताना हात थांबतो. रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव, कच्चं असेल तर इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत ऑक्सिडीकरण कुठल्या इलेक्ट्रोडवर होतं हेच ठरत नाही.

आणि सगळ्यांच्या मुळाशी मोल, म्हणजे कण मोजायचं एकक. १८ ग्रॅम ग्लुकोज १ किलो पाण्यात विरघळवलं, तर पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचं तापमान, किती वाढेल? ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८०, म्हणजे ०.१ मोल. पाण्याचा स्थिरांक ०.५२, म्हणजे किलोभर पाण्यात एक मोल कण विरघळले की तेवढे केल्विन वाढ. वाढ ०.०५२ केल्विन. हे सूत्र पाठ असलेला मुलगाही करतो. आता त्याच पाण्यात ग्लुकोजऐवजी ५.८५ ग्रॅम मीठ घाला. तेही ०.१ मोलच. पाठ करणारा पुन्हा ०.०५२ लिहितो. मोल म्हणजे कणांची मोजणी, हे ज्याला उमगलंय तो थबकतो आणि म्हणतो, ‘मॅडम, मीठ पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असं सुटं होतं, मग कण दुप्पट झाले ना?’ वाढ जवळजवळ दुप्पट होते. हा प्रश्न विचारणारं मूल घडतं ते अकरावीच्या पहिल्या धड्यात.

म्हणून कॉलेज सुरू होण्याआधीच्या रिकाम्या दिवसांत महागडा क्रॅश कोर्स नको. पहिल्या ३० मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि संयुजा, समीकरणं संतुलित करणं, ग्रॅमचे मोल आणि मोलचे ग्रॅम. रोज अर्धा तास. एवढं आलं तरी पुष्कळ.

केमिस्ट्री म्हणजे पाठांतर

या वाक्यानं सर्वांत जास्त मुलं बुडवली, असं माझं ठाम मत आहे. ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन ओळीनं पाठ केल्या तर त्या शंभरावर जातात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकींत मिसळतात. अल्डिहाइड-कीटोनचा धडा घ्या. हायड्रोजन सायनाइड, सोडियम बायसल्फाइट, ग्रिन्यार अभिकर्मक या मुलांना तीन वेगळ्या रिअ‍ॅक्शन वाटतात. पण तिन्हींत घडतं एकच. कार्बोनिल गटातला, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधातला, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, कार्बन किंचित धन होतो, आणि इलेक्ट्रॉन देऊ शकणारा गट त्या कार्बनवर येऊन बसतो. हे एकदा वहीत बाण काढून दाखवता आलं की अर्धा धडा हातात येतो.

तसंच अल्डॉल आणि कॅनिझारो या दोन रिअ‍ॅक्शनचं. दरवर्षी गोंधळ ठरलेला. विचारायचा प्रश्न एकच: कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन आहे का? असिटाल्डिहाइडमध्ये आहे, म्हणून विरल अल्कमध्ये अल्डॉल. फॉर्माल्डिहाइडला शेजारी कार्बनच नाही, बेंझाल्डिहाइडला आहे पण त्यावर हायड्रोजन नाही, म्हणून संहत अल्कमध्ये कॅनिझारो. असं तपासता आलं की घोकायला उरतं फारच थोडं.

काही गोष्टी पाठ कराव्याच लागतात, हे मी नाकारत नाही. आयनांचे रंग, नामकरणाचे नियम, काही प्रक्रियांची तापमानं आणि उत्प्रेरक. पण इनऑरगॅनिकमध्येसुद्धा सूत्र सापडतं. पाणी ३७३ केल्विनला उकळतं आणि हायड्रोजन सल्फाइड २१३ केल्विनला. गंधक ऑक्सिजनच्या खालचा, रेणू जड, मग उकळायला हवा उशिरा. उलट का होतं? पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध. धडा अकरावीचा, प्रश्न बारावीचा.

गणितं ऑप्शनला टाका

सध्याच्या आराखड्यात लेखी पेपर ७० गुणांचा असतो. त्यातले १० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे आणि ८ एका वाक्यातल्या उत्तरांचे. या १८ गुणांत निवड नाही, आणि गणित तिथेही डोकावतं. पुढच्या विभागांत निवड आहे, पण कोणता धडा कुठे येईल ते हातात नसतं.

गणिताच्या भीतीमागे बहुतेकदा लॉग टेबल असतं. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि मुलं लॉग टेबल पहिल्यांदा उघडतात ती पूर्वपरीक्षेत. आठवडाभर रोज पाच आकडेमोडी केल्या की भीती जाते. शिवाय दर वेळी लॉगची गरजही नसते. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल, म्हणजे अर्धा पदार्थ संपायला लागणारा वेळ, २० मिनिटं असेल, तर ७५ टक्के अभिक्रिया व्हायला किती वेळ? आधी अर्धं संपलं, मग उरलेल्याचं अर्धं. दोन अर्धायुकाल, ४० मिनिटं. माझ्या वर्गात हे तोंडी होतं.

प्रॅक्टिकलचे गुण मिळतातच

मिळत असतीलही. पण प्रयोगशाळेत पाऊल न टाकता दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढणारं मूल काय गमावतं, ते सांगते. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. फ्लास्कमधलं द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, परमँगनेटचे जांभळे थेंब सोडायचे. पहिल्या थेंबाचा रंग जाता जात नाही. मुलं घाबरतात, चुकलं म्हणतात. थोडं थांबायला लावलं की रंग उडतो, आणि नंतरचे थेंब पडताक्षणी विरतात. कारण अभिक्रियेतून तयार झालेला मँगनीजचा आयनच पुढच्या अभिक्रियेचा उत्प्रेरक होतो. रासायनिक गतिकीचा, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाच्या धड्याचा, एक अख्खा परिच्छेद डोळ्यांदेखत घडतो. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर द्रावण तपकिरी गढूळ होतं. का, तर मँगनीज डायऑक्साइड. ही चूक ज्यानं केलीय त्याला आम्ल माध्यमाचं महत्त्व कुणी समजावावं लागत नाही. म्हणून पालकांना विनंती, प्रवेश घेताना एसी वर्ग दाखवले की मान डोलावू नका, प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा, आणि ब्युरेटवर धूळ आहे का तेही बघा.

डिसेंबरनंतर घोकण्याबद्दल वेगळं बोलत नाही. वरचं सगळं दोन महिन्यांत होणार नाही, हे कुणालाही दिसेल.

मराठी माध्यमाच्या मुलांना जमत नाही

याचा मला मनापासून राग येतो. अडचण आहे, पण ती शब्दांची आहे, डोक्याची नाही. अकरावीत बहुतेक ठिकाणी शिकवणं इंग्रजीत सुरू होतं, ते कळत नाही म्हणून मुलं मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघतात, आणि तिथे नवाच घोळ होतो. आपल्या पुस्तकात अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटम परमाणु, आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल! आपला क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि सॉल्टला लवण. आपलं क्षपण, म्हणजे रिडक्शन, तिकडे अपचयन होतं. हुशार मूल यात अडखळतं आणि स्वतःला ढ समजू लागतं.

माझ्या वर्गातली अशी मुलं वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखतात: दहावीचा मराठी शब्द, इंग्रजी शब्द, व्हिडिओतला हिंदी शब्द. द्रावण, द्राव्य, द्रावक. आम्ल, आम्लारी, उदासिनीकरण. दिवाळीपर्यंत दीडेकशे शब्द होतात. त्यानंतर ती मुलं वर्गात हात वर करू लागतात.