समेवरचा ठसका

परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरगुती बैठकीत विलंबित ख्याल चालला होता. तिलवाडा तालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दोन मात्रांवर आली आणि माझ्या घशात मुंगी चालू लागली. शेजारच्या काकांनी दंड धरला. "दाबा!"

"काय?"

"खोकला हो. सगळा मनाचा खेळ आहे."

वैताग असा की काका निम्मे बरोबर होते. मेंदूचा वरचा थर उबळ थोडी थोपवू शकतो, मुद्दाम खोकताही येतं. पण मूळ हुकूम सुटतो तळाच्या लंबमज्जेतून. स्वरयंत्रात, श्वासनलिकेत काही टोचलं की व्हेगस नावाची नस तिथे तक्रार नेते. मग ठरलेला क्रम. दोन-अडीच लिटर हवा आत, स्वरतंतूंचं दार ०.२ सेकंद गच्च बंद, पोटाचे नि बरगड्यांचे स्नायू आवळलेले, आणि दार फटकन उघडं. यात 'दाबा' बसवायचं कुठे?

"आवंढा गिळा." गिळला. जरा बरं वाटलं, हे कबूल.

मग काकांनी खोकल्याची गोळी काढली. तिच्या चांदीच्या कागदाची करकर किती मात्रा चालली ते तबलजींना विचारा.

"तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळा. गळा सुटतो."

"तो गायकांसाठी असतो, काका."

"मग खोकणाऱ्यांना गळा नसतो?"

सर्दी जाऊन तीन आठवडे झालेत. विषाणू गेला तरी या नसा चिडलेल्याच राहतात, कधी आठ आठवडेही. साधी थंड हवाही त्यांना खुपते. खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे औषध मेंदूतल्या त्याच यंत्रणेवर काम करतं खरं, पण सर्दीच्या खोकल्यात त्याचा उजेड फारसा पडत नाही. चमचाभर मधही चालतो. तरी दर वेळी नवी बाटली लिहून देतात, आणि मीही मुकाट्याने पैसे मोजतो!

तर, काकांचा उपदेश संपला आणि त्यांनी स्कूटरची किल्ली कानात घातली. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या नळीतही असते. काही जणांना तिथे डिवचलं की खोकला येतो. काका त्यातलेच निघाले.

नेमके समेवर. खण्णकन.

बुवा थांबले. सगळी बैठक वळून माझ्याकडे बघू लागली. काकाही.