लोहगावच्या बंबाला हुकूम दिल्लीहून?

सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभरात चौथ्यांदा तोच मजकूर आला. थोडक्यात असा: हवाई दलाचा प्रत्येक तळ स्वतःचा बंब, स्वतःचं भांडार, स्वतःचे सफाईवाले पोसतो. हे सगळं दिल्लीतल्या एका केंद्राच्या ताब्यात द्या, अमेरिकेने दिलंच आहे. अफाट पैसा वाचेल आणि पुण्याच्या लोहगाव तळावरून उडणारी प्रवासी विमानंही वेळेवर सुटतील. खाली तिरंगा, ‘पुढे पाठवा’. तळाशेजारच्या विमाननगरात सुखोई लढाऊ विमानांच्या आवाजात चहा पिणाऱ्या माणसाला यावर बोलावंसं वाटणारच.

‘सगळं विखुरलेलं आहे’ इथेच पहिली गफलत. तळावरच्या इमारती, वीज, पाणी ही कामं तिन्ही दलांसाठी एकच एमईएस (लष्करी अभियांत्रिकी सेवा) करते. विमानांच्या मोठ्या दुरुस्तीचे डेपो नागपूरच्या मेंटेनन्स कमांडखाली येतात. सुखोई ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला, नाशिकजवळच्या ओझरला जातं, ते काम लोहगावच्या हँगरमध्ये उरकत नाही. एप्रिल २०२१ पासून मुंबईत तिन्ही दलांचं संयुक्त रसद केंद्र आहे. सैन्याचा अनाठायी खर्च कमी करण्याचे उपाय सुचवणाऱ्या शेकटकर समितीच्या शिफारशींनंतर ३९ लष्करी दूधफार्म बंद झाले, आणि ते योग्यच झालं. गुरं पाळणं हे सैन्याचं काम नव्हे.

आता अमेरिका. तिथे २००५ च्या निर्णयानुसार २६ तळ जोडून १२ संयुक्त तळ केले. वीस वर्षांत सुमारे २.३ अब्ज डॉलर वाचतील असा हिशेब होता. तो पुढे सुमारे २५ कोटी डॉलरवर आला, हे तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नोंदवलं. रुपयातले नव्वद पैसे गळाले! एक कारण गंमतीदार आहे: सगळ्यांना सारखी सेवा द्यायची म्हणून समान मानकं ठरवली आणि काही सेवांचा खर्च उलट वाढला. पुढे २०१५ मध्ये त्यांच्या हवाई दलाने सॅन अँटोनिओत तळांच्या सेवांसाठी मध्यवर्ती केंद्र काढलं, हे खरं. पण तिथे गेला तो मुख्यतः पैसा, कंत्राटं, नियोजन. तळावरचे अग्निशामक त्या-त्या तळाच्या कमांडरच्याच हाताखाली राहिले.

आणि खरा घोळ नेमका इथे आहे. मजकूर लिहिणाऱ्याने टायरची खरेदी आणि बंब एकाच पोत्यात घातले. टायर, वंगण, बूट देशभरासाठी एकत्र घ्या, भाव पडेल, माझी ना नाही. बंबाची गोष्ट वेगळी. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचावं, हे नागरी विमानतळांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तीन मिनिटांत फाइल टेबलावरून उठतसुद्धा नाही. धावपट्टीवर पडलेला एखादा बोल्ट इंजिनात ओढला गेला तर पंखा फाडतो. तो उचलणारा माणूस कुणाचा हुकूम ऐकतो? समोर उड्डाण कधी आहे हे ज्याला माहीत आहे, त्याचाच ऐकायला हवा. ‘आमच्या वरिष्ठांना विचारून सांगतो’ हे वाक्य तिथे परवडत नाही. (सरकारी कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्यांना जास्त सांगायला नको.)

शेवटी प्रवासी विमानं. लोहगावला प्रवासी विमानांसाठी धावपट्टी एकच, तीही हवाई दलाची. ऑक्टोबर २०२० पासून ती डांबरीकरणासाठी रात्री आठ ते सकाळी आठ बंद ठेवली जात होती आणि पुढच्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर तर पूर्ण बंद. भांडाराचा साहेब दिल्लीत बसवल्याने दुसरी धावपट्टी उगवत नाही.

वेळापत्रकाची एवढी काळजी असेल तर कचऱ्यावर जमून विमानांना धडकणाऱ्या घारींचं बघा. विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकायला बंदी आहे. तो मजकूर पाठवणाऱ्या काकांच्या गल्लीच्या तोंडाशी कालही ढीग होता.