भुताखेताचं पुस्तक, म्हणे!

आज घरी आलेल्या एका पाहुण्यांनी भाचीच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "काय भुताखेताचं वाचते पोट्टी? तलाठ्याचा फॉर्म भर." पाहुणे स्वतः प्राध्यापक, म्हणून डोकं जास्त फिरलं. चहा दिला मुकाट्यानं. आता इथे लिहिते.

पुस्तक ली बार्डुगोचं, 'नाइन्थ हाऊस', २०१९ चं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली गोष्ट. अ‍ॅलेक्स नावाची पोरगी, शाळाही धड पुरी केलेली नाही, पण तिला भुतं दिसतात म्हणून फुकट प्रवेश मिळतो. काम काय, तर बड्या घरच्या पोरांच्या गुप्त मंडळ्या जी जादू करतात तिच्यावर नजर ठेवायची. सुरुवातीलाच एक मंडळी जिवंत माणसाचं पोट उघडून आतडी वाचते. कशासाठी? तर शेअर बाजाराचा अंदाज घ्यायला! आणि माणूस कोण, तर ज्याच्या मागेपुढे कोणी नाही असा रुग्ण.

सर, भूत तेवढं दिसलं तुम्हाला. ते पोट नाही दिसलं?

मला तर वहिनीच आठवली. दुसऱ्या मुलीनंतर तिनं ठरवलं, बस झालं, ऑपरेशन करून घेते. दवाखान्यात विचारलं, "मालक कुठायत? सही लागते." दादा कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर. वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर तान्ही, हातात रेशनकार्डाची घामानं ओली झालेली झेरॉक्स. नसबंदीला नवऱ्याच्या संमतीची अट सरकारी नियमात नाहीच. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पण हे तिला तिथे सांगणार कोण? आली परत. घरी आमची आई, "एक पोरगा होऊ दे, मंग पाहू."

तिसरीही मुलगीच झाली. तीच ही पुस्तकवाली. सगळ्या घराचा जीव आहे तिच्यावर. म्हणून तेव्हाचं ते बरोबर ठरतं का?

बरं, मान्य. पुस्तकात रक्तपात आहे, अत्याचाराचे प्रसंग आहेत, लहान पोरांच्या हाती देऊ नये. आणि नोकरीही लागतेच.

सरांचा राग तरी किती करू? कास्तकाराचं पोरगं. अमरावतीच्या होस्टेलात सकाळची भाकर रात्री खाल्लेला माणूस. इंग्रजी बोलणाऱ्या पोरांपुढे तोंड उघडायची लाज वाटायची, हे त्यांनीच आम्हाला सांगितलंय. अ‍ॅलेक्सचं दुसरं काय आहे मग? वर्गात बाकीच्यांना न सांगता सगळं कळतं, हिला काहीच कळत नाही, आणि ते लपवण्यातच हिचा दिवस जातो. सर, तुम्हाला तर हे सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं!

जाताना म्हणाले, परदेशी खुळं. अहो, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापून बाईच्या वतीनं भांडण मांडलं, तेव्हा येलमध्ये पदवीच्या वर्गात मुली नव्हत्याच. त्या आल्या १९६९ ला. खूळ कोणाचं आणि परदेशी कोण?

वहिनी संध्याकाळी तूर निवडता निवडता भाचीकडून गोष्ट ऐकते. त्यात एक जादूची नशा आहे, ती दिली की माणसाला नाही म्हणताच येत नाही, समोरचा सांगेल ते करायचं. ते ऐकून वहिनी म्हणाली, "त्याले जादू काहून लागते?"

कोणाला या पुस्तकाचा मराठी अनुवाद माहीत असेल तर कळवा. पोरगी सांगताना नको ते प्रसंग गाळते, असा वहिनीला दाट संशय आहे.